चौथं बटण

पावसाळ्यात कोल्हापूरहून सावंतवाडीला जाताना आजऱ्यापर्यंत रस्ता दिसतो. आंबोलीत तो आहे असं श्रद्धेने मानायचं. ही श्रद्धा वळणावळणाला पणाला लागायला लागली तेव्हा माझ्या जुन्या बोलेरोला फॉग लॅम्प लावायचे ठरले. 'पिवळेच लावा, धुकं कापतात,' असा सल्ला गाडी नसलेल्यांनीसुद्धा दिला. धुक्याच्या थेंबांना पिवळं-पांढरं काही कळत नाही, ते दोन्ही सारखंच उधळतात. खरा फरक पडतो तो दिवे खाली, बंपरपाशी बसवल्याने. पण पिवळे दिसतात झकास, म्हणून पिवळेच घेतले.

उद्यमनगरातले मिस्त्री मात्र माझी यादी बघून हसले. "रिले कशाला घालताय साहेब? डायरेक्ट मारतो की. च्या येईस्तोवर दिवा पेटतोय बघा."

"आणि फ्यूज?"

"गाडीला हाय की कंपनीचा!"

कंपनीचा म्हणजे सिगारेट लायटरचा. त्या बिचाऱ्या लाइनवर आधीच्या मालकाने काय काय टांगलं होतं ते डॅशबोर्डखाली डोकं घातल्यावर कळलं. रिव्हर्सला वाजणारी आरती, सीटखालची निळी पट्टी, म्युझिक सिस्टीम. सगळ्यांचे पीळ एकाच वायरीला मारलेले आणि वरची काळी टेप उन्हाने पाघळून बोटांना चिकटणारी. एका वायरीच्या टोकाला तर काहीच नव्हतं, पण टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख पेटला. मालकांना फोन केला. "ती होय? गणपतीत लायटिंग केलतं," म्हणाले आणि वर मंडळाची वर्गणी मागितली.

मग हे काम आपणच करायचं, आणि देखणं करायचं, असं मी जाहीर केलं. घरात कुणीही विरोध केला नाही, ही धोक्याची खूण होती.

हिशोब साधा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला झाले सुमारे ९ अँपिअर. एवढा करंट बोटाएवढ्या बटणातून आणि दोऱ्यासारख्या वायरीतून फिरवून आणला तर बटण तापतं आणि दिवा मिणमिणतो. दिव्यापाशी व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं, तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून मध्ये रिले, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारं बटण. आमच्या गावच्या घरात आजोबा ओसरीवर बसून नुसते खाकरायचे आणि परसात तीन काका धावत सुटायचे, तसं हे. बटणातून जातो तो खाकरण्यापुरता करंट, अर्ध्या अँपिअरच्याही आतला. वजन उचलते ती बॅटरीपासून दिव्यापर्यंत गेलेली जाड वायर.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. हे आकडे जर्मन मानकातले: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे, म्हणजे त्या खाकरण्याच्या करंटचे. पाच पायांच्या रिलेला '८७ए' नावाचा एक उलट्या काळजाचा पाय असतो. रिले बंद असताना तो जोडलेला असतो, चालू झाला की सुटतो. घाईत दिवा त्याच्यावर बसवला तर बटण बंद केल्यावर उजेड पडतो. मी चार पायांचेच रिले आणले.

वायरीच्या दुकानात जाड लाल वायर संपली होती. "गुलाबी न्या की, करंट त्योच जातोय," असं उत्तर मिळालं. शास्त्राला धरून होतं, पण मी लालसाठी आणखी तीन दुकानं फिरलो. फ्यूज १५ अँपिअरचा, निळा, आणि तो बॅटरीला अगदी खेटून. फ्यूज राखण करतो वायरीची, आणि बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम बेवारस असतो. तो जितका आखूड तितकं बरं.

अर्थिंग देण्यासाठी पत्र्यावरचा रंग खरवडायला घेतला तसे बाबा बाहेर आले. "चांगली गाडी खरवडतोयस कशाला?"

"रंगातून करंट जात नाही, बाबा."

"मग रंगवतात कशाला?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पुढचा भाग शरीरावरचा. इंजिनकडून आत वायर घ्यायची तर मधल्या पत्र्याच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून, म्हणजे ग्रोमेटमधूनच घ्यावी. उघड्या भोकाची धार महिनाभरात वायरीचं कातडं सोलते. सायकलच्या चाकाची तार त्यात घालून, पाठ खाली, पाय सीटवर, बरगडीत क्लच आणि दातात टॉर्च, असा मी पडून होतो. त्या अवस्थेत शेजारच्या काकूंनी "काय चाललंय?" असं विचारलं. दातात टॉर्च धरून 'रिले' म्हणून बघा. काकूंनी घाबरून बायकोला हाक मारली.

पण काम झालं ते बघत राहावं असं. रिले ओळीत, पाय खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. वायरींच्या टोकांचे थिंबल नीट दाबलेले, वायरी काळ्या पाइपात, प्रत्येक टोकाला नंबरची बारीक नळी. मिस्त्रींना मुद्दाम बोलावून बॉनेट उघडलं. ते बराच वेळ वाकून बघत होते. "तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी..." मग हळूच विचारलं, "ओपन का क्लोज?"

बायकोने एवढंच म्हटलं, "अहो, झाकण लावल्यावर हे दिसणार कुणाला?" तेव्हापासून फोटो मोबाइलमध्ये आहेत. पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवताना मध्येच दाखवतो.

बटणांची पट्टी बाजारात चाराचीच मिळाली. पहिलं फॉगचं, दुसरं मागच्या दिव्याचं, तिसरं हवा भरायच्या पंपाचं. चौथ्याला काहीच जोडलेलं नाही. गाडीत बसणारा प्रत्येकजण बाकीची तीन सोडून त्याच्यावरच बोट ठेवतो. "हे कशाचं?" कशाचंच नाही म्हटलं की लोक दुखावतात, आपल्यापासून काही लपवतोय असं त्यांना वाटतं. मेव्हण्याने ते दाबून "पिकअप वाढला" असं सांगितलं. मावशीला त्याने एसी जास्त गार होतो, पण मग तिचे गुडघे धरतात. म्हणून ती बसली की आधी विचारते, "ते बंद आहे ना रे?" आणि मी वाकून, तिला दिसेल असं, चौथं बटण बंद करतो.