ठिपका सेन्सरवर, खापर लेन्सवर

आकाशाच्या फोटोत करडा ठिपका दिसला की लगेच सल्ला, 'लेन्स गेली, विकून टाक!' अरे, पुढच्या काचेवरची धूळ सहसा अशी ठिपका होऊन उमटतच नाही. आधी एफ/१६ लावा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करा, फोकस मुद्दाम घालवा, पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. दुसरी लेन्स लावून पुन्हा घ्या. ठिपका तिथंच? मग धूळ सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या चित्र टिपणाऱ्या भागावर आहे. एफ/२.८ला, म्हणजे छिद्र मोठं केलं की, ठिपका पसरून दिसेनासा होतो, पण जात नाही. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, मेनूतून आरसा वर घ्या, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअर मारा. तोंडानं फुंकर कशाला मारता? थुंकीचे शिंतोडे सेन्सरच्या काचेवर वाळतात, मग ओल्या स्वॅबशिवाय (सेन्सर पुसायच्या पट्टीशिवाय) सुटका नाही!