गन स्वस्त चालेल, हवा नाही

एअरब्रशवरच्या (हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारी छोटी गन) माझ्या लेखावर तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवशिक्याला पहिल्याच दिवशी टाकीवाल्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून देणाऱ्या मशीनच्या, खर्चात पाडून माझ्यासारखे लोक हा छंद उगाच महाग करतात, पैसे गनवर घालावेत, हवा कुठूनही आणावी. तुम्ही स्वतः सोलापुरात तीन वर्षं विनाटाकीच्या छोट्या मशीनवर विमानांची मॉडेल रंगवताय आणि काहीही अडलेलं नाही.

आधी माझी चूक. पहिली गन म्हणून मी ०.२ मिमी नीडलची (रंगाची वाट उघडबंद करणारी सुई) सुचवली होती, त्यावर तुम्ही झोडपलंत ते योग्यच. नवशिक्याचा रंग कधी दाट, कधी पातळ होतो. ०.२ मध्ये अ‍ॅक्रिलिक बघता बघता टोकावर सुकतं, मग नॉझल, म्हणजे गनचं पुढचं बारीक तोंड, उघडणं आलं, आणि तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा पान्याने जरा जास्त आवळला की चिरतो. ०.३ च घ्यावी. मोठे भाग रंगवायचे असतील तर ०.५ सुद्धा. लेखात बदल केलाय.

हवेबाबत मात्र मी हटत नाही. तुम्ही कोरड्या हवेच्या सोलापूरला, मी दमट डोंबिवलीत. सगळी गोम तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी घरचा शाडूचा गणपती रंगवत होतो. चतुर्थीला चार दिवस, बाहेर धो धो पाऊस, आणि मित्राचं अगदी तुमच्यासारखंच मशीन उसनं आणलेलं. अंगाचा रंग झाला, सोंडेच्या कडेने गुलाबी शेडिंग चालू होतं. मशीन पाऊण तास सलग धडधडत होतं, हात लावला तर चटका बसेल इतकं तापलेलं. अचानक गन फुसफुसली आणि वाटाण्याएवढा थेंब थेट सोंडेवर. रंग ओघळून मोदकापर्यंत गेला, खालची माती ओली झाली ती वेगळीच. डोळ्यांची आखणी बाकी होती, एवढंच नशीब.

ते पाणी रंगाचं नव्हतं, हवेतलं होतं. दमट हवा दाबली की तापते, पुढे पाइपमध्ये गार होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. टाकी असली की हवा तिथेच थांबून गार होते, बरंचसं पाणी तळाशी बसतं. पावसाळ्यात काम संपल्यावर मी टाकीखालचा कॉक सोडतो तेव्हा चांगलं चमचाभर पाणी निघतं. शिवाय मोटरला विश्रांती मिळते. साधारण ३ लिटरच्या टाकीचं मशीन दाब ४ बारला पोचला की बंद होतं आणि ३ बारला परत चालू होतं. आपल्याला गनपाशी लागतात जेमतेम १५ ते २० पीएसआय, म्हणजे सव्वा बारच्या आसपास. विनाटाकीचं मशीन तुम्ही थांबेपर्यंत राबतच राहतं, आणि पिस्टनचा प्रत्येक ठोका बारीक रेघेत उमटू शकतो.

गनचं म्हणाल, तर तिथे मी तुमच्यापेक्षाही कंजूष आहे. साधी डबल अ‍ॅक्शन (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही सोडता येणारी), वर रंगाचा कप असलेली गन पहिल्या वर्षाला पुरते. फक्त तिचं नॉझल आणि नीडल सुटं मिळतं का, ते घेण्याआधी विचारा. पुढे इवाटा किंवा बॅजर कंपनीची घ्यालच. बॅजरचा पाइप जोडायचा आटा वेगळा असतो, बाकी बहुतेक गन १/८ बीएसपी मापाच्या, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागेल.

हार्डवेअरच्या दुकानातला २४ लिटरचा कॉम्प्रेसर रेग्युलेटर (दाब कमीजास्त करायचा नॉब) लावून उत्तम चालतो, हेही तुमचं खरं. पण फ्लॅटमध्ये तो चालू केला की खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा जुगाड आवाज करत नाही, पण हवेबरोबर तेल येतं, फिल्टर हवाच. आणि त्याला कुठलातरी जुना सिलिंडर टाकी म्हणून जोडायचा, जास्तीचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही नाही? तसलं काही मी कोणालाच सुचवणार नाही, कितीही पैसे वाचोत.

तुमचं मशीन बदला असं मी म्हणत नाही. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी धरणारी छोटी बाटली) मशीनच्या तोंडाशी असेल तर काढून गनजवळ लावा. हवा गार होते पाइपमध्ये, पाणी धरायचं ते त्याच्या पुढे. आणि तुमचा पाइप किती लांब आहे? तीनेक मीटरचा असेल तर तोच थोडंफार टाकीचं काम करत असणार. तेवढं मोजून कळवा.