आजी, तुमचा एकटीचा एक फोटो काढूया?

फॅमिली शूटची चौकशी आली की पहिले प्रश्न ठरलेले असतात. किती एडिटेड फोटो मिळतील, रील देणार का, ड्रोन आहे का. विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही, आपण फोटोग्राफरच जाहिरातीत तेवढंच लिहितो. घरातल्या कुणाला गुडघेदुखी आहे, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला फोटोचा संकोच वाटतो, हे आपण कधी विचारतो? मी आता बुकिंगच्या फोनवरच विचारते.

सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम घ्या. सगळं गोत जमलेलं असतं. ग्रुप फोटोची हाक दिली की एखादी विधवा काकू आपणहून मागे सरकते. "मी नको गं मध्ये, मी इथेच बरी." घरातलं कुणी काही बोलत नाही, कुणाला बोलायचं असतं पण धीर होत नाही. अशा वेळी फोटोग्राफरच्या शब्दाला वजन असतं. "काकू, उंचीच्या हिशोबाने तुम्ही मला आजोबांच्या शेजारीच हव्यात," एवढं म्हटलं की पुरतं. या धंद्यातलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे असं मी मनापासून मानते.

दुसरा विषय रंगाचा. "हिला जरा उजळ करून द्या," असं मुलीच्या देखत सांगतात आणि दहा वर्षांची पोर ते ऐकत उभी असते. रिटच करून तिला गोरं करणं म्हणजे 'तू आहेस तशी चालत नाहीस' हे अल्बममध्ये छापून देणं. मी ते करत नाही. खरं तर काम आधीच करायचं असतं. पांढऱ्या भिंतीवरचा किंवा चकाकणाऱ्या जरीवरचा उजेड मोजून कॅमेरा फोटो काळपट काढतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावरून धरायचं आणि सावळ्या माणसाला खिडकीच्या जवळ बसवायचं. मग त्या रंगाचं तेज जसंच्या तसं येतं.

त्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमलं. पडद्यातल्या बायका परपुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसणार नाहीत, हे ओळखून केलेली सोय होती ती. समोरचं माणूस मोकळं व्हायला काय लागेल, याचा विचार तेव्हाही झाला होता.

आणि आजी-आजोबा. कितीतरी घरांत हार घातलेला फोटो कुठल्याशा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला असतो. चेहरा धुरकट, खांद्याशी दुसऱ्याच कुणाचा शालू. म्हणून मी प्रत्येक शूटमध्ये त्यांचा एकट्याचा फोटो काढतेच. कारण सांगत नाही. आजी म्हणते, "माझा कशाला, पोरांचे काढ." बोलता बोलता पदर सारखा करते आणि चष्मा काढायला जाते. चष्मा राहू द्यायचा, रोज त्यातूनच तर ती घर बघते. काड्या कानावरून किंचित वर उचलल्या की काचेवरची चमक जाते. मग खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घ्यायचा. घाई करायची नाही.

ऑनलाइन गॅलरीची लिंक मुलाच्या फोनवर जाते, आजीपर्यंत ती पोचतेच असं नाही. पाच बाय सातची एक प्रिंट पाकिटावर तिचं नाव घालून तिच्या हातात द्या. या धंद्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे, त्या प्रिंटचे वेगळे पैसे लावू नका.