‘दुखणं मनात असतं’ सांगणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

चवथ सरली, ग्रुपवर गणपतीवरच्या माटोळीचे फोटो येणं थांबलं आणि आमच्या डिचोलीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. यंदा चौथ्यांदा. तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल: “वेदना शरीरात नसते, मनात असते. मन खंबीर असेल तर कॅन्सरही पळतो. हसणारा जिंकतो, रडणारा हरतो. मॉर्फीनची चटक लागते, घेऊ नका. आजाऱ्याला आजाराचं नाव सांगू नका, खचेल. पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.”

पाठवणारी माणसं चांगली आहेत. अडीनडीला धावून येणारी आहेत. पण माझ्या घरात आईचं नागिणीचं दुखणं गेली ६ वर्षं आहे आणि मामांचा कॅन्सर आम्ही शेवटपर्यंत पाहिला. दोघांनीही हा मेसेज वाचला होता. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

“वेदना शरीरात नसते, मनात असते.” आईला कमरेच्या वर उजव्या कुशीला नागीण उठली. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली. दुखणं मात्र राहिलं. पंख्याच्या वाऱ्याने पदर हलून कुशीला लागला तरी ती दचकायची. दोन बोटांच्या चिमटीत पदर अंगापासून दूर धरून ती तासन् तास सोप्यावर बसलेली असे. एका डॉक्टरांनी कूस पाहिली आणि म्हणाले, “आजी, आता काही नाही हो. मन रमवा.” घरी येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर वर्षभर तिने आमच्यासमोर ‘दुखतंय’ म्हटलं नाही.

कारण अगदी शारीरिक होतं. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात तिथूनच नागीण म्हणून बाहेर येतो. जाताना तो तंतू दुखावून जातो. मग कातडी बरी झाली तरी तो तंतू मेंदूला खोटी वर्दी देत राहतो. वर्दी खोटी असली तरी वेदना खरी असते.

मग मनाचा काही संबंधच नाही का? आहे, आणि तो या मेसेजपेक्षा कितीतरी खोल आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखणं थांबवायला औषध हवं का? बहुतेक जण नको म्हणाले. त्यांच्या लेखी ती जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटका होती. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक दार असतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती, जागरण, एकटेपण यांनी ते जास्त उघडतं. विश्वासाने आणि आधाराने थोडं लोटलं जातं. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. बिनऔषधी इंजेक्शननेही काहींचं दुखणं कमी झालं, कारण त्यांना ते औषधच वाटलं. मग मॉर्फीनचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिल्यावर तो आराम गेला. म्हणजे ‘नुसत्या मनाने’ वाटलेला आरामसुद्धा शरीरातल्या रसायनांनीच दिला होता. शरीर इकडे आणि मन तिकडे अशी वाटणी वेदनेला ठाऊक नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून अनुभव आहे असंच म्हटलंय. रुग्ण दुखतंय म्हणतो तेव्हा त्याचा मान राखा, हेही त्यासोबत लिहिलंय.

आईला पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी रात्री झोपताना अमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी दिली. माझ्या भावाने मोबाईलवर शोधलं, ‘डिप्रेशनचं औषध’ असं वाचलं आणि घरात वादळ उठलं: म्हणजे आईला वेडी समजतात की काय? तीच गोळी कमी मात्रेत दुखावलेल्या तंतूंचा गोंगाट कमी करते, म्हणून देतात, हे आम्हाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. दोन-तीन आठवड्यांनी आई सलग चार तास झोपली. झोप लागली तशी वेदनाही थोडी मऊ झाली.

उरलेलं काम औषधाचं नव्हतं. दुखेल या भीतीने ती आधी भजनाला जायची बंद झाली, मग शेजारी, मग तुळशीपर्यंतसुद्धा. हालचाल थांबली की सांधे आखडतात, स्नायू गळतात, माणसं तुटतात आणि दुखण्याला आख्खा दिवस मोकळा मिळतो. उलट एखाद्या सकाळी बरं वाटलं की ती सगळं घर काढून झाडायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. समुपदेशकाने तिला घड्याळ लावायला शिकवलं: बरं वाटो न वाटो, दहा मिनिटं काम, मग बसायचं. मनावर उपचार करायचा तो असा. ‘मन रमवा’ म्हणून माणसाला वाटेला लावणं म्हणजे उपचार नव्हे.

“मन खंबीर असेल तर कॅन्सरही पळतो.” या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

मामा भजनात पेटी वाजवायचे. आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली. सगळा काळ ते हसतमुख. भेटायला येणारा प्रत्येक जण “तुमची विल पॉवर बघून आम्हालाच बळ येतं” म्हणून जायचा. दीड वर्षाने रोग परतला. गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) आल्यावर संध्याकाळी ते सोप्यावर माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, “बाय, मी नेट धरला होता गो. कुठे कमी पडलो?”

रोगाचं दुखणं होतंच. त्यावर हा अपराध आपण त्यांच्या माथी मारला होता.

१९८९ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं की स्तनांच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ज्या रुग्ण स्त्रिया आधारगटात जात होत्या त्या जास्त जगल्या. जगभर आशा पसरली. मग मोठ्या अभ्यासांनी तपासून पाहिलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मात्र ज्या सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांची तगमग आणि वेदना कमी झाली. २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांची मनःस्थिती आणि त्यांचं आयुर्मान ताडून पाहिलं, तर संबंध सापडला नाही. आनंदी राहणारेही गेले, खचलेलेही वाचले. मनाला आधार द्यायचा तो माणसाचा आजचा दिवस सुसह्य व्हावा म्हणून. त्यासाठी गाठ विरघळण्याची लालूच दाखवावी लागत नाही.

“रडणारा हरतो.” रडणं हा काही रोग नाही. पण आठवडेच्या आठवडे कशातच मन न लागणं, अन्न नकोसं होणं, जगणं नकोसं होणं हे नैराश्य आहे आणि त्यावर उपचार आहेत. यासाठी लांब बघायला नको. आपल्या गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. तो प्रयोग नैराश्य आणि चिंतेवरचा होता, दीर्घ वेदनेवरचा नव्हे. पण आपल्याकडे ही माणसं डॉक्टरकडे येतात ती अंगदुखी, थकवा, झोप नाही अशीच तक्रार घेऊन. त्यांना ‘रडू नका’ सांगून परत पाठवलं तर पुढच्या वेळी ती येणार नाहीत.

मॉर्फीनचं थोडक्यात सांगते. कॅन्सरच्या तीव्र वेदनेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी घेतलेलं मॉर्फीन आणि नशेसाठी शोधलेलं मॉर्फीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडत नाहीत, हळूहळू उतरवतात. त्याला व्यसन म्हणत नाहीत. मामांना झालेला खरा त्रास बद्धकोष्ठाचा होता आणि त्यावर पहिल्या दिवसापासून वेगळं औषध लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फीन सांगितलंय. आपल्याकडेही २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती रुग्णांना ते मिळणं सोपं व्हावं म्हणून. जुनाट कंबरदुखीसाठी मात्र डॉक्टरांना न विचारता अशी औषधं घेऊ नयेत, तिथे हिशेब वेगळा असतो.

“आजाऱ्याला नाव सांगू नका.” आम्हीही आधी नाही सांगितलं. मामा स्वयंपाकघरात आले की आम्ही बोलणं बदलायचो. नंतर कळलं, ज्या खोलीत केमो चालली होती तिच्या दारावरची पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. आपल्याला कळलंय हे आम्हाला कळू नये म्हणून तेही गप्प होते. दोन महिने सगळं घर एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतं आणि त्यात ते सर्वांत एकटे होते. काहींना खरंच सगळं ऐकायचं नसतं, तो त्यांचा हक्क आहे. पण “तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” एवढं तर विचारता येतं.

“पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले.” पॅलिएटिव्ह म्हणजे रोग बरा होवो न होवो, आजाऱ्याचा त्रास कमी करणारी सेवा. लंडनमध्ये १९६७ साली आधुनिक हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांची काळजी घेणारं केंद्र) उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स ‘समग्र वेदना’ म्हणायच्या: अंगाचं दुखणं, मनातली भीती, घरच्यांची काळजी, देवाशी चाललेलं भांडण, सगळं मिळून एक. ही सेवा उपचार संपल्यावरच सुरू होते असं नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ती सुरुवातीपासून मिळाली. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शांती आवेदना सदन या हॉस्पिसची शाखा गोव्यात लोटलीला आहे. तिचं नाव आम्हाला फार उशिरा कळलं.

ग्रुपवर मला एकाने विचारलं, “मग आजाऱ्याशी बोलायचं तरी काय?” मी आमच्या घरातलं सांगितलं. “बरं वाटतंय ना?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यावाचून आजाऱ्याला वाव नसतो, म्हणून तो आम्ही सोडला. सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना मी आईला विचारते, “आज किती?” दहापैकी किती, हे तिला कळतं. कधी तीन असतात, कधी आठ. आठ असले की त्या दिवशी कोणी तिला भाजी चिरायला सांगत नाही. परवा एकादशीला तिने “सहा” सांगितलं आणि संध्याकाळी सैल झंपर घालून, पदर डाव्या बाजूला खोचून भजनाला गेली.