‘मी गोळ्याच घेत नाही, मला कसला धोका?’

“अँटिबायोटिक फार घेतल्या की शरीराला त्यांची सवय होते. मी कित्येक वर्षांत एकही घेतलेली नाही, त्यामुळे वेळ आलीच तर मला नक्की लागू पडेल. आणि सगळ्यांनी काही वर्षं त्या बंद केल्या, की जंतू पुन्हा पहिल्यासारखे होतील.” हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून कुणी साधासा वाटणारा जंतुसंसर्ग अंगावर काढेल, याची मला भीती वाटते.

सवयीचं आधी. औषधाचा मारा जिवाणूवर असतो आणि प्रतिरोधही, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, जिवाणूतच तयार होते. शरीराचा त्यात संबंध नाही.

‘मी घेतली नाही म्हणून मी सुरक्षित’ हे मात्र जास्त घातक आहे. औषध निकामी करणारं जनुक बऱ्याचदा प्लास्मिडवर असतं. प्लास्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राहून वेगळं, डीएनएचं छोटं कडं. दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात, कड्याचा एक धागा पलीकडे सरकतो, आणि दोघंही आपापल्या धाग्याचा जोडधागा तयार करून घेतात. देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही, आणि घेणारा वेगळ्या जातीचाही चालतो.

१९५०च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे शिगेला जिवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद देईनासे झाले. एकाच जिवाणूत चार स्वतंत्र बदल एका वेळी घडणं जवळजवळ अशक्यच. रुग्णांच्या पोटातले ई. कोलाय हे दुसऱ्या जातीचे जिवाणूही त्याच चार औषधांना पुरून उरत होते. १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी असे ई. कोलाय आणि औषधाने मरणारे शिगेला एकत्र वाढवले, तर चारही प्रतिरोध एकगठ्ठा शिगेलात उतरले! (अशी जनुकं एका कड्यावर गोळा होतात त्याला ट्रान्सपोझॉनही कारण आहेत. हे डीएनएचे तुकडे गुणसूत्रावरून कड्यावर, एका कड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात.) ई. कोलाय तर प्रत्येकाच्या आतड्यात असतात. दुसऱ्या कुणाच्या पोटात बनलेलं कडं अन्न, पाणी, हात यांतून तुमच्या पोटातल्या जिवाणूंपर्यंत पोचतं. त्यासाठी तुम्ही गोळी घेतलेली असावी लागत नाही.

राहिला तिसरा मुद्दा. वापर घटला की प्रतिरोधाचं प्रमाण घटू शकतं, म्हणून विनाकारण गोळ्या घेणं थांबलंच पाहिजे. पण ते पुसलं जाईल असं नाही. एकाच कड्यावर चार औषधांचे प्रतिरोध असले, तर चारांपैकी एकाचा वापर चालू राहिला तरी चारही टिकतात. शिवाय काही प्लास्मिडं जिवाणूत एक विष आणि त्याचा उतारा असं दोन्ही बनवतात. विष बराच काळ टिकतं, उतारा लवकर नाश पावतो. विभागणीत ज्या पेशीच्या वाट्याला कडं येत नाही, तिच्यात विष उरतं, नवा उतारा मिळत नाही, आणि तिची वाढ खुंटते किंवा ती मरते. म्हणून औषध नसतानाही कडं बाळगणारे जिवाणूच मागे उरतात.