"न विचारता क्लच उघडला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला, घरी जाऊन परत वाचला. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही १ स्टार देऊन लिहिलंय की स्नोमोबिलचा (बर्फावरची गाडी, बोलीत स्लेड) इंजिनची ताकद पुढे नेणारा रबरी बेल्ट ट्रेलवर तुटला म्हणून आमच्याकडे आणली, यूट्यूबवर बेल्ट ५ मिनिटांत बदलतात, आम्ही न विचारता अख्खा क्लच (बेल्ट ज्यांवर फिरतो त्या पुल्या) उघडून २ तासांचं लेबर लावलं, आणि एवढं करूनही नवा बेल्ट ७० किलोमीटरमध्ये जळाला. शेवटी लिहिलंय की मराठी माणूस म्हणून विश्वासाने इथे कॅनडात ब्रॅम्प्टनहून इतक्या लांब ब्रेसब्रिजला आलो आणि त्यानेच कापलं. हे शेवटचं वाक्य मला फार लागलं.

फोन करायला हवा होता, ही चूक माझी. तुम्ही जॉब कार्डवर "बेल्ट बदलणे" एवढंच सांगून गेला होता, पुढे काय सापडलं आणि त्याला किती लागणार हे तुम्हाला आधी कळायलाच पाहिजे होतं. शनिवारची गर्दी होती, दुकानातल्या पोराने मला विचारलं उघडू का, मी मान हलवली आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. त्याला कारण नाही देत. ते २ तासांचं लेबर मी परत करतोय, त्यासाठी तुम्हाला इथे यायचीही गरज नाही.

पण उघडायची गरज नव्हती हे मात्र खरं नाही, आणि इथे बरेच स्लेडवाले वाचतात म्हणून हे नीट लिहितो. नुसता बेल्ट बदलायला ५ मिनिटं लागतात हे बरोबर आहे. साइड पॅनल उघडायचं, सेकंडरी (मागची) पुली फाकवायची, जुना काढून नवा चढवायचा, झालं. पण ते झिजलेल्या बेल्टचं. तुमचा बेल्ट झिजला नव्हता, फुटला होता, आणि बेल्ट फुटतो तेव्हा तो निघून जात नाही, त्याच्या आतले दोरे सुटतात आणि इंजिन फिरत असतं तोवर जिथे जागा मिळेल तिथे गुंडाळले जातात. तुमच्या स्लेडमध्ये वरवर सगळं साफ दिसत होतं, पोराने टॉर्च मारला तर प्रायमरीच्या (इंजिनवरच्या पुलीच्या) आतल्या तबकडीमागे एक काळं टोक लोंबताना दिसलं, नखाएवढं. पक्कडने ओढलं तर येईना. पुलर लावून प्रायमरी उतरवली तेव्हा क्रँकच्या शाफ्टवर, बरोबर ऑइल सीलला (शाफ्टभोवतीच्या रबरी कडीला) लागून, रिळावर दोरा गुंडाळावा तसे घट्ट वेढे बसलेले होते, उष्णतेने एकमेकांना चिकटलेले. ब्लेडने एकेक कापून काढले, सील कापलं जाऊ नये म्हणून हळू हळू, यातच अर्धा तास गेला.

ते तसंच राहिलं असतं तर काय, हे कोणी सांगत नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँकभोवतीचं घर) हवाबंद लागतो. ते दोरे सीलच्या ओठात घुसले की सील फाटतं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल आणि ऑइलच्या मानाने हवा जास्त होते, इंजिन गरम चालतं आणि एक दिवस भर वेगात पिस्टन जाम होतो. म्हणजे बेल्टच्या खर्चाऐवजी इंजिनचा खर्च, तो सुद्धा जंगलात रस्त्यापासून २० किलोमीटर आत, उणे २० मध्ये. म्हणून फुटलेला बेल्ट आला की आम्ही मागे बघतोच, आणि दोरा दिसला की प्रायमरी उतरवतोच. परत बसवतानाही घाई चालत नाही, ती टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) बसते, टेपर कोरडा आणि स्वच्छ पुसायचा, ग्रीस अजिबात नाही, बोल्ट कंपनीच्या आकड्याला टॉर्क रेंचनेच आवळायचा. २ तास त्याचे होते.

आता नवीन बेल्ट. तुम्ही रिव्ह्यूला फोटो लावलाय हे फार चांगलं केलंत, कारण जळालेला बेल्ट वाचता येतो. फोटो मोठा करून बघा, पूर्ण बेल्ट ठीक आहे, रुंदी सारखी आहे, कडांचे दोरे जागेवर आहेत, फक्त एकाच ठिकाणी, अंदाजे चार बोटं लांबीत, दोन्ही बाजूंनी आत खाल्लाय, डमरूच्या कमरेसारखा, आणि तिथे काच लावल्यासारखी चमक आहे. पुल्या एका रेषेत नसत्या तर बेल्ट गोल फिरून सगळीकडे झिजला असता आणि एक कड दुसरीपेक्षा जास्त खराब दिसली असती. एकाच जागी खड्डा पडायला बेल्ट उभा राहावा लागतो आणि पुली फिरावी लागते. म्हणजे इंजिनने जोर लावला, प्रायमरी बेल्टच्या अंगावर फिरत राहिली, आणि मागचा ट्रॅक (गाडी ढकलणारा रुंद रबरी पट्टा) जागचा हलला नाही.

हे बहुतेक दोन वेळा होतं. एक तर खोल बर्फात स्लेड रुतली आणि थ्रॉटल दाबून धरला. नाहीतर रात्री ओला ट्रॅक घेऊन स्लेड बाहेर उभी केली, सकाळी ट्रॅक जमिनीला गोठून चिकटला, आणि तसंच स्टार्ट करून थ्रॉटल दिला. तुम्ही स्वतःच लिहिलंय की रविवारी सकाळी कॉटेजवरून निघताना "गाडी जागची हलेना, मग एकदम झटका देऊन सुटली". दादा, बेल्ट त्या झटक्याच्या आधीच्या ५ सेकंदात गेला. पुढचे ४० किलोमीटर तो त्या खड्ड्यासकट फिरत होता, म्हणूनच तुम्हाला हळू चालवताना धप धप जाणवलं असणार.

आणि इथे माझी दुसरी चूक आहे, पहिलीपेक्षा मोठी. तुमचा हा पहिलाच सीझन आहे हे मला माहीत होतं, स्लेड सेकंडहँड घेतलीय हे पण तुम्ही सांगितलं होतं. तरी बिलावर एक ओळ नाही की सकाळी निघायच्या आधी मागचा बंपर धरून स्लेडची शेपूट उचला आणि आपटा, दोनतीनदा, ट्रॅक सुटल्याचा आवाज येतो, स्कीसुद्धा आडव्या हलवून मोकळ्या करा, आणि रात्री जमलं तर ट्रॅकखाली लाकडाची फळी टाका. इथल्या पोरांना हे त्यांच्या बापाने दहाव्या वर्षी शिकवलेलं असतं. आपल्याला कोण शिकवणार? मला पण नव्हतं माहीत, मी पण पहिल्या वर्षी बेल्ट जाळलाय. नवा बेल्ट पहिले साधारण ५० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, वेग कमी जास्त करत चालवायचा, हे पण आम्ही तोंडी सांगतो, तुम्हाला सांगितलं की नाही हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आता हे सगळं मराठीत आणि इंग्लिशमध्ये छापून प्रत्येक बिलाला लावतोय, आजपासून सुरू केलं.

आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो. तुमच्या प्रायमरीचे रोलर आणि बुश झिजायला लागलेत, ९,००० किलोमीटर झालेल्या स्लेडमध्ये ते होतंच. प्रायमरी म्हणजे आपल्या स्कूटरचा व्हेरिएटरच, इंजिनचे आरपीएम वाढले की वजनं बाहेर फेकली जातात, पुली मिटते, बेल्ट वर चढतो, तिकडे सेकंडरी उघडत जाते. साताऱ्यात वडिलांच्या गॅरेजमध्ये मी कायनेटिक होंडाच्या बेल्टवर हात काळे केलेत, तत्त्व तेच आहे, फक्त इथे ताकद कितीतरी पट आणि बाहेर बर्फ. बुश ढिलं झालं की पुली मिटताना डुगडुगते, सुटताना झटका देते, बेल्ट तापतो. आज बदलायलाच पाहिजे असं नाही, हा सीझन निघेल, पण उन्हाळ्यात करून घ्या, कुठेही करा, आमच्याकडेच करा असं म्हणत नाही. घरी मात्र प्रायमरीचं कव्हर उघडू नका, आत दाबलेली स्प्रिंग असते, बोल्ट सुटले की ती तोंडावर येते.

तुम्ही घरी करायचं ते सोपं आहे. १०-१५ किलोमीटर चालवून थांबा, इंजिन बंद करा, पॅनल उघडा आणि दोन्ही पुल्यांच्या जवळ हात न्या, मग हळूच टेकवा. हात ठेवून राहता आलं तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर बेल्ट घसरतोय. पुलीवर काळी भुकटी साचली की स्कॉच ब्राइट आणि ब्रेक क्लीनरने पुसा, आणि कोणी कितीही सांगो, पुलीवर तेलाचा किंवा गंज सोडवायच्या स्प्रेचा एक थेंब पडू देऊ नका. सीझन संपला की बेल्ट काढून ठेवा. आणि एक जास्तीचा बेल्ट कायम स्लेडवर असू द्या, आधी वापरून रुळलेला, कोरा नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. लेबर परत, ते वर लिहिलं. बेल्टचे पैसे आत्ता परत करत नाही, कारण फोटोवरून तो बसवण्यातला दोष दिसत नाही. पण फोटो म्हणजे फोटो. या शनिवारी सकाळी ८ वाजता स्लेड घेऊन या, गर्दी ९ नंतर होते, तुमच्यासमोर अलाइनमेंट बार लावतो, दोन पुल्यांमधलं अंतर मोजतो, बेल्टचा ताण बघतो, याचे काही घेणार नाही. माप चुकीचं निघालं तर नवा बेल्ट माझ्याकडून, आणि हे उत्तर मी इथेच बदलून तसं लिहीन. माप बरोबर निघालं तर बेल्ट मला पडतो त्या भावात देईन, कारण ट्रॅक गोठतो हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.

जळालेला बेल्ट फेकला नसेल तर सोबत आणा, कचऱ्यात गेला असेल तर हरकत नाही. येताना बॅरीच्या पुढे हायवे ११ वर जॉर्जियन बेकडून बर्फाचे झोत येतायत, ट्रेलर घेऊन येताय तर अंधारात निघू नका, उशीर झाला तरी चालेल, मी थांबतो.