आता तरी ते खेळणे सोड, म्हणे

आज जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, मी न विचारता, चारचौघांसमोर मला सल्ला दिला. संध्याकाळी लवकर निघण्याचे कारण कोणीतरी विचारले आणि मी खरे तेच सांगितले, की आज आमच्या गटाची रेड, म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ गेममधली एकत्र लढायची मोहीम, आहे आणि ठरल्या वेळेला आठही जण हजर लागतात. त्यावर ते हसून म्हणाले, "अगं, नव्या शहरात आली आहेस, आता तरी ते खेळणे सोड आणि जरा माणसांत मिसळ." बाकीचेही हसले. मी गप्प बसले, कारण तिथे बोलले असते तर आवाज चढला असता. इथे तो चढला तर तुम्ही समजून घ्याल, याची खात्री आहे.

माणसांत मिसळ म्हणजे नेमके कोणत्या माणसांत, हे त्यांनी सांगितले नाही. या शहरात आल्यापासून, सामान टाकून गेलेले कामगार सोडले, तर माझ्या घरात पाऊल टाकणारी पहिली व्यक्ती मला त्या खेळातूनच मिळाली आहे. माझ्या टेबलापासून चार हातांवर बसणाऱ्यांपैकी कोणीही मी कुठे राहते, सामान नीट पोहोचले का, असे अजून एकदाही विचारलेले नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, ज्याला त्याला आपापले संसार आहेत. पण मग सल्ला तरी देऊ नये.

घर हलवणे म्हणजे काय असते, हे तुमच्यापैकी अनेकांना मी वेगळे सांगायला नको. कपडे कसेही कोंबले तरी पोहोचतात. संगणकाचे तसे नसते. ग्राफिक्स कार्ड वजनदार असते, ते जागेवरच ठेवून ट्रकमध्ये चढवले तर प्रत्येक खड्ड्याचा भार मदरबोर्डवरच्या खाचेवर येतो, म्हणून ते काढून त्याच्या मूळ खोक्यात ठेवावे लागते. कॅबिनेटची बाजूची काच कडक असते खरी, पण तिची कड फरशीवर टेकली की क्षणात चुरा होतो, म्हणून ती रजईच्या घडीत जाते. जुन्या खेळांच्या कार्ट्रिज मी कोणाच्याही हाती देत नाही, कारण त्यांतल्या काहींमध्ये आपला सेव्ह, म्हणजे खेळात कुठवर पोहोचलो याची नोंद, एका गोल, नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर टिकून असतो. रिकामी खोकी माळ्यावर साठवल्याबद्दल मी घरच्यांची जी बोलणी वर्षानुवर्षे ऐकली, त्यांची परतफेड त्या एका दिवसात झाली.

एवढे सगळे करूनही वायरींची पिशवी गहाळ झाली. माझा पॉवर सप्लाय, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मॉड्युलर आहे, म्हणजे त्याच्या वायरी सुट्या निघतात. त्या मी एका पिशवीत बांधून, वर ठळक अक्षरांत लिहून कामगारांकडे दिल्या होत्या, आणि नव्या घरी बाकी सगळे उतरले, फक्त ती पिशवी उतरली नाही. वाहतूकवाल्यांना फोन केला तर उत्तर आले, की यादीतली सगळी खोकी मिळाली ना, मग झाले. त्यांच्या यादीत पिशवी हा प्रकारच नव्हता.

दुसऱ्या एका खोक्यात जुन्या, वेगळ्या कंपनीच्या पॉवर सप्लायच्या वायरी सापडल्या. खाचेत अगदी बरोबर बसत होत्या. मी आमच्या गटाच्या चॅटवर त्यांचा फोटो टाकून विचारले, की या चालतील का. मिनिटाभरात फोन वाजला. आमच्या गटातली हीलर, म्हणजे खेळात इतरांच्या जखमा भरणारी, जिला मी तोवर फक्त तिच्या खेळातल्या नावाने आणि आवाजाने ओळखत होते, ती जवळजवळ ओरडलीच, "हात लावू नकोस! ड्राइव्ह जाळून बसशील!" तिचे बरोबर होते. ड्राइव्हच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या भागाच्या, बाजूचे टोक सगळीकडे सारखे असते, पण पॉवर सप्लायच्या बाजूला कोणत्या पिनमध्ये काय यावे हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो, आणि जिथे पाच व्होल्ट अपेक्षित आहेत तिथे बारा व्होल्ट गेले की सगळा खेळ आटोपला. तिने माझ्या सप्लायचा मॉडेल क्रमांक मागितला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माझ्याकडे हाच आहे. पत्ता पाठव."

ती याच शहरात राहते हे मला माहीत होते. बदलीची बातमी गटात सांगितली तेव्हाच ती म्हणाली होती. पण शहर एक असले तरी दोघींच्या घरांत सगळे शहर आडवे होते. तरीही कामावरून सुटून ती थेट आली. सावधगिरी म्हणून मी बहिणीला फोनवर ठेवून खाली फाटकाशी गेले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण उद्या कोणी तरुण मुलगी हे वाचून अनोळखी माणसाला सरळ घरचा पत्ता देईल, आणि तसे करू नये. व्हॉइस चॅटवर बाईचा आवाज ऐकला की काही लोकांच्या जिभेला काय होते, हे आपण बायकांनी पुरेसे ऐकले आहे. गेमिंगचे जग साधुसंतांनी भरलेले आहे असा माझा दावा नाही.

फाटकाशी उभी असलेली बाई पन्नाशीची होती. केस पांढरे, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात वायरींची गुंडाळी. मी इतकी वर्षे तिला माझ्याच वयाची समजत होते आणि अरे-तुरे करत होते, त्या क्षणी माझी जीभ अडखळली आणि तोंडून 'तुम्ही' गेले, तर म्हणाली, "काल मी वेळेवर शिल्ड टाकली नाही तर मला काय काय बोललीस, आठवतंय ना? मग आता कशाला?" वर आली, जमिनीवर बसली, मोबाइलचा उजेड धरायला मला सांगितले आणि माझ्यापेक्षा सफाईने सगळे जोडून दिले. तिचा मुलगा कॉलेजात आहे आणि त्याला गेमिंगमध्ये काडीचा रस नाही, ही तिची खंत.

आमच्या सहकाऱ्यांना या प्रसंगात खेळणे दिसेल. मला त्यात माणूस दिसतो. यात मतभेदाला जागाच कुठे आहे, हे मला खरोखर कळत नाही.

नव्या शहरातल्या एकटेपणाला खेळ जबाबदार असतो ही कल्पनाच मुळात उलटी आहे. कात्सुया एगुची नावाचे डिझायनर 1986 मध्ये निन्टेंडो या जपानी गेम कंपनीत रुजू झाले, तेव्हा तोक्योजवळचे चिबा सोडून क्योटोला आले. घरचे आणि मित्र मागे राहिले, नव्या गावात कोणी ओळखीचे नाही. त्या एकटेपणातून पुढे 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' आला, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. 2001 मध्ये आलेल्या त्या पहिल्या खेळात तुम्ही रेल्वेने एका अनोळखी गावात उतरता, घर घेता, ते घेताच कर्जात पडता आणि मग हळूहळू शेजाऱ्यांची ओळख होत जाते. घरात एकच यंत्र, पण घरातल्यांनी वेगवेगळ्या वेळी खेळून एकमेकांसाठी काहीतरी ठेवून जावे, ही त्यातली योजनाही रात्री उशिरा घरी पोहोचणाऱ्या नोकरदार बापाची आहे. बदली झालेल्या माणसाने बदली झालेल्यांसाठी केलेला खेळ तो. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेले पोकेमॉन रुबी आणि सफायर सुरू होतात तेच मुळी सामानाच्या ट्रकच्या मागच्या अंधारात, खोक्यांच्या मध्ये, आणि नव्या घरात तुमचे पहिले काम असते आपल्या खोलीतले घड्याळ लावणे. मी तो खेळ लहानपणी खेळले तेव्हा त्या ट्रकचे काही वाटले नव्हते.

आणि 2021 चा 'अनपॅकिंग', घर बदलल्यावर खोक्यांतले सामान काढून लावण्याचा खेळ. ज्यांनी खेळला आहे त्यांना फक्त पदवीच्या प्रमाणपत्राची आठवण करून देते. नायिका एका पुरुषाच्या घरी राहायला जाते, त्याच्या वस्तूंनी भरलेल्या त्या घरात तिचे प्रमाणपत्र लावायला एकाही भिंतीवर जागा मिळत नाही, आणि ते शेवटी पलंगाखाली सरकवावे लागते. संपूर्ण खेळात कोणी एक वाक्य बोलत नाही, पण त्या पलंगापाशी मी खेळ थांबवून बराच वेळ नुसती बसले होते. या खेळाला 2022 मध्ये कथेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. हे सगळे जेवणाच्या टेबलावर मी कोणाला सांगू?

आता कोणीतरी खाली येऊन लिहीलच की जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगला आजार ठरवले आहे. तसे नाही. 2019 मध्ये मान्य होऊन 2022 पासून लागू झालेल्या त्यांच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे हे खरे. पण खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळे मागे पडले आहे, नुकसान दिसत असूनही सुटत नाही आणि हे साधारण बारा महिने चाललेले आहे, अशा माणसासाठी ते नाव आहे. आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी रेडला बसणाऱ्या नोकरदार बाईसाठी नव्हे. आणि त्याच संघटनेच्या लोकांनी मार्च 2020 मध्ये, सगळे जग घरात कोंडलेले असताना, गेम कंपन्यांच्या 'दूर राहून एकत्र खेळा' या मोहिमेला पाठिंबा दिला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. नव्या शहरात दार लावून खेळात बुडालेली, फोन न उचलणारी माणसे असतात, मान्य. त्यांना मदत हवी, तीही मान्य. पण त्यांच्या नावाने मला का झोडपता?

हे लिहिताना राग थोडा उतरला आहे. ते सहकारी वाईट नाहीत. कदाचित त्यांच्या घरात कोणीतरी असे दार लावून बसलेले असेल आणि त्यांना मला पाहून ते आठवले असेल. पण मग त्यांनी "काय खेळतेस, कोणाबरोबर खेळतेस" एवढे विचारले असते तरी मी त्यांना सगळे सांगितले असते.

कोणाबरोबर, तर ऐका. आम्ही 'फायनल फँटसी फोर्टीन'च्या रेड करतो, आठ जण, दोन टँक, म्हणजे शत्रूचे वार अंगावर झेलणारे, दोन हीलर, बाकी चौघे मारा करणारे. मी टँक. एक माणूस कमी पडला की उरलेले सातही बसून राहतात, त्यामुळे कोण आजारी आहे, कोणाच्या आईचे ऑपरेशन आहे, कोणाची नोकरी गेली आहे, हे सगळ्यांना आधी कळते. मी शहर बदलले तेव्हा पेपरवाला बदलला, डॉक्टर बदलला, बस बदलली, रोज दिसणारा प्रत्येक चेहरा बदलला. संध्याकाळी हेडसेट घातल्यावर ऐकू येणारे सात आवाज तेवढे होते तसेच राहिले. पहिल्या आठवड्यात तर पलंगही नव्हता. घरमालक म्हणाले होते, "वाय-फाय एकदम जोरात येते," आणि ते जोरात म्हणजे डाउनलोडचा आकडा दाखवत होते, तर आपल्याला हवी असते पिंग, म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ कमी हवा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरचा सर्व्हर गाठून परत यायला दहा मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. त्यावर दोन भिंतींआडचे वाय-फाय अधूनमधून शंभरेक मिलिसेकंदांचा झटका देते, आणि मग दोन मुख्य वारांमधल्या अडीच सेकंदांच्या चक्रात दोन जादा कौशल्ये बसवायची तिथे एकच बसते आणि बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, फटका सगळ्यांना बसतो. राउटरपासून दाराखालून ओढलेली लांब केबल ही त्या घरातली मी केलेली पहिली सजावट.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मला नंतर कळली. मी समजत होते की तिने आणलेल्या वायरी तिच्याकडे जादा पडलेल्या होत्या. जादा कसल्या? तिने स्वतःच्या चालू संगणकाच्या काढून आणल्या होत्या. माझ्या नव्या वायरी येईपर्यंत तिचा संगणक बंद होता, गटाच्या रेड रद्द झाल्या, आणि मी रोज रात्री मजेत माझे जुने खेळ पुन्हा उतरवून घेत बसले होते. शंभर जीबीचा एकेक खेळ चाळीस एमबीपीएसच्या जोडणीवर साडेपाच तास घेतो, त्यामुळे कामही भरपूर होते. तिने एका शब्दाने सांगितले नाही. गटातल्या दुसऱ्या एकाच्या तोंडून निसटले तेव्हा मी तिला फोन करून भांडले, तर म्हणाली, "तू या शहरात नवीन होतीस. मला काय, घरात माणसे आहेत." माणसांत मिसळ म्हणणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी हे वाक्य एकदा ऐकायला हवे होते.

आता तर आमच्या गटातला आणखी एक जण पुढच्या महिन्यात याच शहरात बदलून येतो आहे. त्याने घर बघताना पहिला प्रश्न पंख्यांचा नाही, फायबरचा विचारावा, असे आम्ही दोघींनी त्याला बजावले आहे, आणि वायरींची पिशवी ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या खांद्यावर आणावी असेही. त्याच्या घरी जोडणी लागेपर्यंत त्याचा संगणक माझ्या बैठकीच्या खोलीत राहील. टेबल नाही, म्हणून आज रेड संपल्यावर खोके मोजून बघायचे आहे.